झाडाशेजारचा दगड

(पर्यावरण आणि लोकसहभागाची सार्वजनिक कला या विषयावरील व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार.

कुठल्याही महापालिकेच्या हद्दीत एक चक्कर मारा. उड्डाणपुलाच्या खांबावर, शाळेच्या कंपाउंडवर, सार्वजनिक शौचालयाच्या मागच्या भिंतीवर तुम्हाला पृथ्वी काढलेली दिसेल. बहुतेक वेळा ती आजारी असते. तोंडात थर्मामीटर, डोळ्यांत पाणी. बाजूला दोन तळहात, त्यांत रोपटं आणि खाली ‘झाडे लावा, झाडे जगवा’. स्वच्छ सर्वेक्षणाची तपासणी जवळ आली की तिच्यावर रंगाचा नवा हात फिरतो. ही चित्रं काढणाऱ्या पोरांना मी नावं ठेवणार नाही, त्यांनी उन्हात उभं राहून काम केलेलं असतं. पण ती भिंत तुम्ही शेवटची कधी वाचलीत, सांगा बरं? आपण रोज तिच्यासमोरून जातो, आणि तिनं आपल्याकडे कधी काही मागितलेलं नसतं. मग तिच्याकडे बघायचं तरी कशाला?

आज मला बोलायचंय ते लोकांकडे काहीतरी मागणाऱ्या कलाकृतींबद्दल. वेळ मागणाऱ्या, पैसे मागणाऱ्या, प्रसंगी गाडी लावायची जागा मागणाऱ्या. ‘लोकसहभाग’ हा शब्द आपल्याकडे इतका झिजलाय की फोटोत वीस माणसं आणि एक बॅनर आला की सहभाग झाला असं आपण धरून चालतो. तेव्हा त्या शब्दाचा पुरता हिशेब मांडला गेला अशा एका कामापासून सुरुवात करू.

जर्मनीत कासेल नावाचं मध्यम आकाराचं शहर आहे. दुसऱ्या महायुद्धात तिथल्या कारखान्यांत रणगाडे बनायचे. २२ ऑक्टोबर १९४३ च्या रात्री ब्रिटिश विमानांनी ते शहर भाजून काढलं. दहा हजारांच्या आसपास माणसं गेली, जुनं गाव जवळजवळ नाहीसं झालं. युद्धानंतर १९५५ साली आर्नोल्ड बोडे यांनी याच शहरात ‘डॉक्युमेंटा’ हे आधुनिक कलेचं प्रदर्शन सुरू केलं. आता ते दर पाच वर्षांनी भरतं, शंभर दिवस चालतं, आणि जगभरची कलेतली माणसं तेवढ्यासाठी कासेल गाठतात. १९८२ सालच्या सातव्या डॉक्युमेंटात योसेफ बॉइस हा कलावंत सहभागी झाला होता.

त्यानं काय केलं? प्रदर्शनाची मुख्य इमारत फ्रिडेरिचिआनुम. तिच्यासमोरच्या मोठ्या चौकात त्यानं बेसॉल्टचे सात हजार खांब आणून ओतले. ओतले म्हणजे अगदी ट्रकनं आणून टाकल्यासारखे. वरून पाहिलं तर तो ढीग पाचरीच्या आकाराचा होता, आणि पाचरीच्या टोकाशी बॉइसनं १६ मार्च १९८२ रोजी स्वतः लावलेलं ओकचं एक रोप होतं. नियम एकच. शहरात कुठेही एक झाड लागलं की ढिगातला एक दगड उचलायचा आणि त्या झाडाशेजारी उभा करायचा. सात हजार झाडं लागली की ढीग संपेल. कामाचं नाव ‘७००० ओक’.

कासेलचे लोक चिडले, आणि चिडणारच. ज्या शहरानं ढिगारे उपसण्यात दहा-पंधरा वर्षं घालवली, त्या शहराच्या मधोमध कुणीतरी बाहेरून येऊन पुन्हा दगडांचा ढिगारा रचतो आणि वर त्याला कला म्हणतो! वर्तमानपत्रांत पत्रं आली, टिंगल झाली. पण या ढिगाची खुबी अशी की तो ज्यांना नको होता त्यांच्यापुढे एकच वाट होती. झाड लावा, एक दगड कमी होईल. म्हणजे कामाला विरोध करणारा माणूससुद्धा त्या कामाच्या आत ओढला जात होता. शिवाय हिशेब चौकात उघड्यावर पडलेला. समितीचा अहवाल नको, वार्षिक सभा नको. ऑफिसला जाताना बसच्या खिडकीतून बघितलं तरी कळायचं, अजून एवढे उरलेत.

या दगडाबद्दल थोडं थांबून बोललं पाहिजे, कारण तो आपल्या ओळखीचा आहे. बेसॉल्ट म्हणजे आपला काळा पत्थर. लाव्हा निवताना आकसतो, तडकतो, आणि त्याचे पाच-सहा बाजूंचे उभे खांब होतात. अंधेरीत गिल्बर्ट हिलला गेलात तर असेच खांब रांगेनं उभे दिसतील. कासेलजवळच्या खाणीतून बॉइसनं तसलेच आणले. झाडाशेजारी उभा केलेला प्रत्येक दगड जमिनीवर साधारण चार फूट. आता हे चित्र मराठी माणसाच्या डोळ्यांनी बघा. झाड आणि त्याच्या बुंध्याशी उभा केलेला अनघड काळा दगड. आपल्याकडे असा दगड कुणी ठेवला असता तर आठवड्याभरात त्याला शेंदूर लागला असता, पंधरवड्यात नारळ फुटला असता आणि वर्षभरात त्या झाडाला हात लावायची कुणाची छाती झाली नसती. यात थट्टेचा भाग आहे, पण सगळीच थट्टा नाही. सह्याद्रीतल्या देवराया याच बोलीवर टिकल्या. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात त्यांचा अभ्यास केला, तेव्हा जैवविविधतेच्या भाषेत त्यांचं मोल अभ्यासकांपुढे आलं. गावाला ते निराळ्या भाषेत आधीपासून ठाऊक होतं: इथली काटकीसुद्धा देवाची. बॉइसला देवराई माहीत होती असं मी म्हणत नाही. झाडाचं राखण करायला झाडापेक्षा जास्त टिकणारी वस्तू शेजारी ठेवायची, ही युक्ती मात्र माणसाला वेगवेगळ्या ठिकाणी सुचलेली दिसते.

आणि त्यात काळाचा खेळ आहे. रोप लावलं त्या दिवशी दगड दांडगा असतो आणि रोप काडीसारखं. काही वर्षांनी दोघांची बरोबरी होते. आज चाळीस वर्षांनी दगड झाडाच्या पायाशी बसलेल्या लहान पोरासारखा दिसतो. दगड आहे तेवढाच आहे, आणि म्हणूनच झाड किती वाढलं ते दिसतं. हे जिवंत शिल्प बॉइसला असंच घडायला हवं होतं. त्याचं घडणं त्याच्या हयातीत पुरं होणार नव्हतं, हे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

आता सहभागाकडे येऊ. झाडं कुठे लावायची हे बॉइसनं नकाशा पुढ्यात घेऊन ठरवलं नाही. शाळा, बालवाड्या, मोहल्ल्यातली मंडळं, भाडेकरूंच्या संघटना, अगदी एकटेदुकटे रहिवासी यांनी जागा सुचवल्या. मग बैठका झाल्या. शहरात झाड लावणं म्हणजे काय, हे तुमच्यापैकी कुणी सोसायटीच्या कमिटीवर असेल तर त्याला सांगायला नको. खाली गॅसची लाइन, टेलिफोनची केबल, ड्रेनेज. तळमजल्यावरच्यांना उजेड अडणार. समोरच्याला गाडी कुठे लावायची ही चिंता. कासेलमध्ये पार्किंगवरून जे काही झालं ते ऐकताना आपल्याच वॉर्डातली भांडणं आठवतात. झाडं ओकचीच लागली असंही नाही. बरीचशी ओक, बाकी लिंडन, ॲश, मेपल, प्लेन, चेस्टनट, जागेला जे मानवेल ते. म्हणजे कामाच्या नावातला शब्दसुद्धा लोकांच्या सोयीपुढे थोडा वाकला. माझ्या मते हे या कामाचं मोठेपण आहे. कुठलाही नावाजलेला कलावंत आपल्या शीर्षकाच्या बाबतीत इतका सैल राहत नाही.

पैशाची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. एक झाड आणि एक दगड मिळून देणगी पाचशे मार्क, म्हणजे जर्मनीचं तेव्हाचं चलन. सात हजार गुणिले पाचशे म्हणजे पस्तीस लाख मार्क. न्यूयॉर्कच्या डिया आर्ट फाउंडेशननं सुरुवातीचा भार उचलला, पण त्यानं भागणार नव्हतं. मग ३० जून १९८२ रोजी बॉइसनं कासेलच्या चौकात, लोकांसमक्ष, रशियाच्या झार इव्हानच्या मुकुटाची सोन्याची प्रतिकृती वितळवली. लोकांनी आरडाओरडा केला. त्या सोन्यातून त्यानं एक ससा ओतला. तो ससा ७ लाख ७७ हजार मार्कांना विकला गेला आणि पैसे झाडांना गेले. तो आज श्टुटगार्टच्या कलासंग्रहालयात आहे. पुढे पैसे पुन्हा कमी पडले तेव्हा या माणसानं एका जपानी व्हिस्कीच्या जाहिरातीत काम केलं. पर्यावरणवाद्यांनी नाकं मुरडली असतील. मला ते फार आवडतं. आपल्याकडे कलावंताला अनुदान मिळेपर्यंत काम थांबलेलं असतं आणि अनुदान मिळाल्यावर बंद पडतं.

२३ जानेवारी १९८६ रोजी बॉइस गेला. तोवर साडेपाच हजारांच्या आसपास झाडं लागली होती. उरलेली लोकांनी लावली. शेवटचं झाड १९८७ च्या जूनमध्ये, पुढच्या डॉक्युमेंटाच्या उद्घाटनाला, त्याच्या मुलानं पहिल्या झाडाशेजारी लावलं. चौक मोकळा झाला.

एक गोष्ट सांगितली नाही तर ही कथा फार गोड होईल. बॉइस संत नव्हता. तो दुसऱ्या महायुद्धात नाझी जर्मनीच्या हवाई दलात होता. १९४४ साली क्रिमियात त्याचं विमान पडलं. नंतर तो सांगायचा की तातार लोकांनी त्याला चरबी चोळून, लोकरीच्या जाड नमद्यात गुंडाळून जगवलं. संशोधकांनी कागदपत्रं तपासली तेव्हा निघालं की जर्मन तुकडीनंच त्याला उचलून इस्पितळात नेलं होतं. म्हणजे स्वतःची दंतकथा रचण्यात हा माणूस पटाईत होता. पुढे तो जर्मनीतल्या हरित पक्षाच्या स्थापनेत होता, आणि प्रत्येक माणूस कलावंत असतो असं म्हणत जगभर हिंडला. या वाक्याची हल्ली चहाच्या कपांवर छपाई होते. त्याचा अर्थ प्रत्येकानं चित्र काढावं असा नव्हता. समाज घडवणं हेच शिल्पकाम आहे आणि त्यात प्रत्येकाचा हात लागतो, असं त्याला म्हणायचं होतं. त्याची भाषणं मला पुष्कळदा पटत नाहीत. दगड पटतात.

का पटतात ते आपल्याच राज्याच्या उदाहरणानं सांगतो. १ जुलै २०१६ रोजी महाराष्ट्रात एका दिवसात दोन कोटी झाडं लावायचं ठरलं. २०१७ साली उद्दिष्ट चार कोटींचं, २०१८ साली तेरा कोटींचं, २०१९ साली तेहतीस कोटींचं. शाळांनी लावली, ग्रामपंचायतींनी लावली, कचेऱ्यांनी लावली. तुमच्यातल्या अनेकांनी लावली असतील, मीही लावली आहेत. नंतर त्यांतली जगली किती यावर विधिमंडळात वाद झाले. मला त्या वादाच्या कुठल्याच बाजूनं बोलायचं नाही. मला इतकंच म्हणायचंय की मेलेलं रोप कुठे दिसतं? ते वाळतं, गुरं खातात, पुढच्या जुलैत त्याच खड्ड्यात दुसरं लागतं आणि पुन्हा मोजलं जातं. मेलेल्या रोपाची खूण कुठेच उरत नाही. कासेलमध्ये रोप मेलं तर चार फुटी दगड एकटा उभा राहतो. रोज जाणाऱ्या-येणाऱ्याला तो दिसतो. कुणीतरी विचारतंच, अहो, इथलं झाड कुठे गेलं? झाड लावणं सोपं करायचे शंभर उपाय आपण काढले. झाड मेल्यावर ते लपवणं अवघड करायचा हा एक उपाय एका शिल्पकारानं काढला. जाणीव, प्रबोधन, जागृती हे जे शब्द आपण वापरतो ना, त्यांची सुरुवात मला त्या विचारलेल्या प्रश्नात दिसते.

आता दुसरं काम. याला दगड लागला नाही, नुसती फक्की लागली.

२००७ साली न्यूयॉर्कमध्ये ईव्ह मोशर या कलावंत बाईंनी ब्रुकलिन आणि खालच्या मॅनहॅटनच्या रस्त्यांवरून एक पांढरी रेघ ओढायला घेतली. समुद्रसपाटीपासून दहा फूट उंचीची रेघ. मोठं वादळ आलं तर पाणी इथवर येईल, असा शास्त्रज्ञांचा अंदाज होता, आणि समुद्र चढतोय तशी ती वेळ वारंवार येणार होती. बेसबॉलच्या मैदानावर रेषा मारायचं चाकाचं यंत्र असतं, आपल्याकडे कबड्डीच्या मैदानाला फक्की मारतात तसलं. ते ढकलत ढकलत बाईंनी सुमारे सत्तर मैल, म्हणजे एकशे दहा किलोमीटरच्या आसपास, किनारपट्टी आखली. रेघ फूटपाथवरून गेली, दुकानांसमोरून गेली, बागेतून गेली.

रेघ तर पावसात धुऊन जाणारच. मग काम कुठे होतं? तुम्ही फूटपाथवर उभे आहात आणि एक बाई यंत्र ढकलत तुमच्या दारासमोरून पांढरी रेघ मारत चालली आहे, तर तुम्ही काय कराल? ‘काय चाललंय हे?’ म्हणून विचाराल. तिथे खरं काम सुरू व्हायचं. दुकानदार विचारायचा, म्हातारा विचारायचा, पोरं विचारायची. ‘माझं घर आत की बाहेर?’ समुद्राची पातळी हा शब्द वर्तमानपत्रात वाचणं वेगळं आणि आपला उंबरठा रेघेच्या ओल्या बाजूला आहे हे बघणं वेगळं. पाच वर्षांनी, ऑक्टोबर २०१२ मध्ये, सँडी वादळ आलं आणि त्या रेघेच्या आसपासच्या अनेक वस्त्यांत पाणी घुसलं. पुढे मायामीत आणि इंग्लंडमधल्या ब्रिस्टलमध्ये हीच रेघ ओढली गेली, पण तिथे यंत्र रहिवाशांच्या हातात होतं. माझ्या दृष्टीनं ही प्रगती आहे. आधी कलावंत आखत होती आणि लोक विचारत होते. नंतर लोक आखत होते आणि शेजारी विचारत होते.

सांगलीचं कुणी इथे असेल तर त्यांना हसू येत असेल. पावसाळ्यात सांगलीत भेटणारी दोन माणसं ‘कसं काय’च्या आधी ‘आयर्विनला किती फूट?’ विचारतात. आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी तिथल्या शेंबड्या पोरालाही पाठ असते. २००५ चं पाणी कुठवर, २०१९ चं कुठवर, हे घराघरांतल्या भिंती सांगतात. मुंबईत २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या रात्रीच्या पाण्याची खूण अजून दाखवणारे लोक कलिन्यात, कुर्ल्यात आहेत. म्हणजे साहित्य आपल्याकडे तयार आहे. पण या खुणा ज्याच्या त्याच्या घरात आहेत. त्या रस्त्यावर आणून एकमेकींना जोडल्या तर वॉर्डाचा एक नकाशा रस्त्यावरच तयार होईल, आणि पूररेषेच्या आत नवा टॉवर उभा राहताना तो बिल्डरला, नगरसेवकाला आणि फ्लॅट बघायला आलेल्या जोडप्याला एकाच वेळी वाचता येईल. माझा अंदाज आहे की पहिली तक्रार फ्लॅटच्या किमती पडतील म्हणून येईल. येऊ द्या. कासेलमध्ये पार्किंगवरून आली होती.

आता एक गाजलेलं काम, ज्याविषयी माझं मत थोडं तिरकं आहे. डिसेंबर २०१५ मध्ये पॅरिसला हवामान परिषद चालू असताना ओलाफुर एलियासन या कलावंतानं भूशास्त्रज्ञ मिनिक रोसिंग यांच्याबरोबर ग्रीनलंडच्या खाडीत सुटून तरंगणारे बर्फाचे बारा प्रचंड तुकडे आणले आणि पँथिऑनसमोरच्या चौकात घड्याळाच्या आकड्यांसारखे गोल मांडले. लोकांनी हात लावले, कान लावले, पोरांनी जीभही लावली. बर्फात हजारो वर्षं कोंडलेली हवा वितळताना फुटते, तिचा बारीक आवाज येतो. फार सुंदर काम, मी नाकारत नाही. हे काम करताना किती कार्बन गेला याचा हिशेबही त्यांनी मांडला, हा प्रामाणिकपणा. पण या कामानं लोकांना काय करायला लावलं? बघायला आणि हात लावायला. बर्फ वितळायचा तो वितळला, लोक घरी गेले. आपण ‘सहभाग’ म्हणतो तेव्हा पुष्कळदा एवढंच म्हणत असतो, आणि माझी सगळी तक्रार तिथे आहे.

याच्या उलट टोकाचं एक काम फिनलंडमध्ये, युलोयार्वी गावाजवळ आहे. ॲग्नेस डेनेस या बाई मूळच्या बुडापेस्टच्या, पुढे न्यूयॉर्कच्या. खडीच्या खाणीनं पोखरलेल्या जागेवर त्यांनी एक टेकडी रचून घेतली आणि १९९२ ते १९९६ या काळात तिच्यावर अकरा हजार माणसांनी अकरा हजार झाडं लावली. माणशी एक. सूर्यफुलाच्या बिया किंवा अननसावरचे डोळे जशा वळणानं मांडलेले असतात, त्या गणितानं झाडांच्या ओळी. फिनलंड सरकारनं या कामाची घोषणा ५ जून १९९२ ला, रिओच्या वसुंधरा परिषदेत केली. पण मला भुरळ घालतो तो कागद. लावणाऱ्या प्रत्येकाला त्या झाडाचं प्रमाणपत्र मिळालं, आणि ते चारशे वर्षं चालतं. वारसाला देता येतं, दुसऱ्याच्या नावावर करता येतं. झाड मात्र तोडता येत नाही. आपल्याला सातबाऱ्यावरचं नाव आणि वारसनोंद चांगलीच कळते, त्यामुळे या कल्पनेचा धारदारपणा आपल्या लगेच लक्षात येईल. तुमच्या पणतूच्या पणतूला तुमच्याकडून एक झाड मिळणार, आणि त्याला त्याचं काहीही करता येणार नाही, नुसतं ते त्याचं असणार.

शेवटी आपल्या जवळचं उदाहरण. नवजोत अल्ताफ मुंबईच्या चित्रकार, जे. जे.त शिकलेल्या. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्या बस्तरमधल्या कोंडागावला गेल्या आणि राजकुमार कोर्राम, शांतीबाई अशा तिथल्या आदिवासी कलावंतांबरोबर वर्षानुवर्षं काम करत राहिल्या. तेव्हा छत्तीसगड झालेलं नव्हतं, मध्य प्रदेश होता. त्यांच्या कामातलं एक ‘नलपार’ या नावानं ओळखलं जातं. नलपार म्हणजे हातपंपाच्या भोवतीची जागा.

हातपंप डोळ्यांसमोर आणा. भोवती चिखल, सांडलेलं पाणी साचलेलं, त्यात गुरं. पाणी भरणार बायका आणि पोरी. भरलेला हंडा जमिनीवरून उचलून डोक्यावर घेणं हा कमरेचा खेळ आहे, आणि दुसरा हंडा घ्यायचा तर कुणीतरी हात लावायला लागतं. ही जागा कशी असावी हे कधी कुणी बायकांना विचारलं होतं? नवजोत आणि त्यांच्या सोबत्यांनी विचारलं. मग हातपंपाभोवती बांधकाम उभं राहिलं. त्यात वेगवेगळ्या उंचीचे कट्टे आणि कोनाडे, म्हणजे हंडा एका पायरीवर टेकवायचा, मग वरच्या कट्ट्यावर, आणि तिथून सरळ डोक्यावर. सांडलेल्या पाण्याला वाट काढून दिलेली. भिंतींवर त्या भागातल्या कलावंतांच्या हातचे आकार. कुठेही ‘पाणी हेच जीवन’ लिहिलेलं नाही. ते लिहायची गरज हंडा उचलणाऱ्या बाईला तर अजिबात नाही.

मी विद्यार्थ्यांना नलपारचे फोटो दाखवतो तेव्हा ते आधी नक्षी बघतात. मी म्हणतो, नक्षी राहू दे, कट्टा किती उंचीवर आहे ते बघ. ती उंची कुणाच्या तरी खांद्यावरून, कमरेवरून आलेली आहे. कुणाला तरी जवळ उभं करून, ‘बाई, इथे टेकवता येईल का, की अजून वर घेऊ?’ असं विचारून ठरलेली आहे. या कामातलं सौंदर्यशास्त्र मला तिथे सापडतं. आणि पर्यावरणाचा विचारही तिथेच सापडतो, कारण पाणी कोण वाहतं हा प्रश्न सोडून पाण्याबद्दल बोलणं म्हणजे पुन्हा ती भिंतीवरची पृथ्वी.

माझं बोलणं इथे संपतं. दोन-तीन प्रश्न आलेत, ते घेतो.

पहिला प्रश्न: ‘हे समाजकार्य झालं, याला कला का म्हणायचं?’ म्हणू नका. खरंच, माझा आग्रह नाही. पण एक सांगतो. कासेलच्या बागखात्याला सात हजार झाडं लावायला सांगितली असती तर त्यांनी ती कदाचित लवकर आणि स्वस्तात लावली असती. चौकात ढीग ओतून सगळ्या शहराला पाच वर्षं भांडायला लावायचं त्यांच्या डोक्यात आलं नसतं. खांबाचा आकार, ढिगाचं टोक, झाड आणि दगडाचं बदलत जाणारं प्रमाण, या शिल्पकाराच्या गोष्टी आहेत. त्या काढून घेतल्या तर उरतं ते वृक्षारोपण.

दुसरा: ‘आमच्या सोसायटीत असं काही करायचं तर कुठून सुरुवात करू?’ चित्रकाराला शेवटी बोलवा. आधी एक बैठक घ्या आणि भांडण होऊ द्या. जागा कुठली, कुणाची गाडी हलणार, मे महिन्यात टँकर येत असताना झाडाला पाणी कोण घालणार, त्याचं नाव लिहून घ्या. वॉचमनचं नाव लिहू नका, तो घालतोच आहे, त्याला कुणी विचारलेलं नसतं. एवढं झालं की मग काय उभं करायचं ते सुचायला लागेल, आणि कदाचित ते चित्र नसेल.

तिसरा प्रश्न मागून आलाय: ‘कासेलमधलं झाड खरंच मेलं तर काय करतात?’ त्याच जागी दुसरं लावतात. दगड तोच राहतो. झाडांची निगा महापालिकेकडे आहे, त्यासाठी एक स्वतंत्र न्यासही काढलेला आहे, आणि २००५ पासून हे सगळं काम संरक्षित स्मारक आहे. त्यामुळे तिथे रस्ता खणायचा झाला तर आधी त्या दगडाची चौकशी करावी लागते.